वेगाला वाट करून देणारे चौक

(रस्ता चालणाऱ्यांचा : लेखांक ६)

सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर माणूस असेल तर चालकाने वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं, असं २०१७ चे वाहनचालन विनियम सांगतात. मागच्या आठवड्यात आपण हा नियम पाहिला. तो इतका स्पष्ट असूनही थांबणारा चालक विरळाच. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणत आपण त्याचं खापर स्वभावावर फोडतो. मला ते पटत नाही. तोच चालक गल्लीबोळात, मंडईजवळ, शाळेच्या अरुंद रस्त्यावर आपोआप हळू होतो. रुंद रस्त्याला लागला की त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. रस्ता त्याला जे करू देतो, तेच तो करतो.

आता आकडे बघा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, मोटारसायकलची ६०. राज्यं ती कमी करू शकतात. पण जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३० पेक्षा जास्त वेग नको, असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. ७० आणि ३० मधलं अंतर रस्त्यावर मोजता येतं. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद लागला असं धरलं, तर ३० च्या वेगातली गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ७० च्या वेगातल्या गाडीला सुमारे ४६ मीटर लागतात. धडक झालीच तर तिची ऊर्जा पाचपटीहून अधिक असते. अंगाला झेपेल अशी ही गोष्टच नाही.

म्हणून आज चौकाच्या कोपऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पदपथाची कड कोपऱ्यावर जितकी मोठ्या गोलाईने वळवाल, तितक्या वेगाने गाडीला डावीकडे वळता येतं. कोपरा काटकोनाकडे झुकला की गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. आपल्या शहरांत रुंदीकरणाचं काम निघालं की पहिला घाव या कोपऱ्यावर पडतो. वर ‘फ्री लेफ्ट’. डावीकडे जाणाऱ्याला लाल दिवा नाहीच, म्हणजे तिथे चालणाऱ्याची पाळी कधीच येत नाही. साडेतीन मीटरच्या चार मार्गिका म्हणजे १४ मीटर. धडधाकट माणूस ते अंतर बारा सेकंदांत कापेल. गुडघेदुखीने हळू चालणाऱ्या आजीला सतरा-अठरा सेकंद लागतील, आणि इतक्या वेळात दिवा बदललेला असू शकतो. चौकात उभं राहून हे पाहताना मला संताप येतो, कारण यातलं काहीही अटळ नाही. ही प्रत्येक मोजमापाची रेघ कुणीतरी कागदावर ओढलेली आहे.

पादचारी पूल आणि भुयारी मार्ग हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. गाडी सपाटीवर, माणसाने मात्र जिने चढायचे! पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तरी सायकलवाल्याचं दुखणं वेगळं नाही. त्याचा मार्ग नेमका चौकाजवळ, म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तिथेच, संपतो.

मग कायदा रस्ता आखणाऱ्याला काय विचारतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. ठरलेले मानदंड न पाळल्याने मृत्यू ओढवला किंवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची रचना, बांधणी वा देखभालीला जबाबदार असलेल्या यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एका जिवामागे जास्तीत जास्त एक लाख! २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मेले, दिवसाला जवळपास ९०. त्याच दुरुस्तीने राज्यांना दोन अधिकार दिले. कलम १३८(१-अ) पादचारी आणि बिगरमोटार वाहनांबाबत नियम करण्याचा, तर २१०-ड राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेचे मानदंड ठरवण्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करा, असं राज्यांना बजावलं. दुरुस्ती होऊन सहा वर्षं उलटल्यावरही न्यायालयाला हे सांगावं लागलं. पावत्या फाडण्यात मात्र या काळात खंड पडला नाही.

चालकाला दंड व्हायलाच हवा, त्यात सूट नको. पण वेगाला फूस देणारा चौक तसाच ठेवून केलेली कारवाई पोलीस उभा आहे तोवरच टिकते.

तुमच्या भागात एखादा रस्ता नव्याने बांधायला घेतला असेल, तर काँक्रीट पडण्याआधी प्रभाग कार्यालयात त्याचा नकाशा मागा. मिळाला नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात तीन गोष्टी विचारा : मार्गिकेची रुंदी किती, कोपऱ्याची त्रिज्या किती आणि पदपथावर अडथळ्यांविना मोकळी जागा किती. शेवटचा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानदंडाप्रमाणे किमान १.८ मीटर हवा. तो कमी निघाला, तर लेखी हरकत घ्या आणि पोच घेऊन ठेवा.