खोडदची दुर्बीण आणि तिघांचा नियम

पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर, कळंब मागे टाकायचं आणि नारायणगावातून उजवीकडे खोडदला वळायचं. द्राक्षबागा, टोमॅटोचे मांडव, आणि मग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड अँटेना. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांत भरीव असं फारसं काही नाही. ताणून बसवलेल्या पोलादी दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, बस्स. रेडिओलहरी लांब असल्यामुळे त्यांना ही जाळी आरशासारखीच. वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही आवाक्यात. ही युक्ती खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला इथं विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळकरी पोरांची झुंबड उडते. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला लावलेल्या शोधाला १९३० चं नोबेल मिळालं. मग खोडदला नोबेल कधी, असं एखाद्या पोरानं विचारलं तर?

खरं तर ही दुर्बीण उभीच आहे नोबेल मिळालेल्या कल्पनेवर. ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर विखुरलेल्या. सगळ्यांचे संकेत जुळवले की सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतके बारकावे दिसतात. या तंत्रासाठी मार्टिन राइल यांना १९७४ साली पारितोषिक मिळालं. त्यात भागीदार होते अँटनी ह्यूइश, स्पंदक ताऱ्यांच्या शोधाबद्दल. तो पहिला स्पंदक ज्यांच्या नजरेनं टिपला त्या जोसलिन बेल यांचं नाव मात्र यादीत नव्हतं. नोबेल तिघांपर्यंत वाटता येतं, म्हणजे तेव्हा एक जागा रिकामीच होती, हे विसरता येत नाही. पुढे २०१८ साली मिळालेल्या दुसऱ्या एका पुरस्काराचे तीस लाख डॉलर बेलबाईंनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकले.

खोडदची आजची कामगिरी याच स्पंदकांशी बांधलेली आहे. हे तारे घड्याळासारखे नेमाने ठोके देतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठणाऱ्या गुरुत्वलहरींचं एकेक आवर्तन कित्येक वर्षांचं. त्या आल्या की ठोके किंचित मागेपुढे होतात. पण ठोका बिघडण्याचं आणखी एक कारण असतं. ताऱ्यांमधल्या पोकळीतले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रेंगाळवतात. हा उशीर वजा केल्याशिवाय खरी चाहूल कळत नाही, आणि तो नेमका मोजायला कमी वारंवारतेवरच कान लावावा लागतो. खोडदचं बळ तिथंच आहे. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटानं जाहीर केलेल्या निष्कर्षांत २५ स्पंदकांच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदी होत्या. त्यात भारतीय गटाची खोडदची सुमारे साडेतीन वर्षांची मापनं मिसळलेली होती. लहरींचा पुरावा भक्कम आहे, तरी शोधावर शिक्का मारण्याइतका नाही.

उद्या तो शिक्का बसला, तर अडचण निराळीच. एका नोबेलमध्ये तिघांपेक्षा जास्त नावं बसत नाहीत. शांततेचं पारितोषिक संस्थेलाही मिळतं, विज्ञानाचं मात्र व्यक्तींनाच देण्याचा प्रघात. २०१७ साली लायगो वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वलहरींसाठी तिघांची निवड झाली. मूळ शोधनिबंधावर सह्या होत्या हजारच्या आसपास. मला हा नियम आता कालबाह्य वाटतो. स्पंदकांच्या बाबतीत तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत अशी पाच ठिकाणची मंडळी एकाच वेळी त्याच लहरींच्या मागावर आहेत. त्यांतले तिघं कसे निवडायचे, हे स्टॉकहोमनं ठरवावं.