पंखात मिटणारा पाय

रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांवर लेख हवा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हवेतल्या कोलांट्या असणार. पुण्याबाहेरच्या एका माळावर रविवारी सकाळी ती उडवणारी मंडळी जमतात, तिथे गेलो. कोलांट्या पाहिल्या, टाळ्याही वाजवल्या. पण मन अडकलं दुसरीकडेच. सव्वादोन मीटर पंखांचं एक स्पिटफायर गवत सोडून माणसाच्या उंचीवर आलं आणि त्याचे पाय बाहेरच्या अंगाला उचलले जाऊन पंखांत मिटले. आधी डावा, मग क्षणभराने उजवा. तोवर ते एक सुबक मॉडेल होतं. पाय मिटले आणि ते विमान झालं.

हे पाय ज्यांनी बनवले ते शेजारीच उभे होते. आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेले. माळावर सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणेन. छापायला नाव नको, एवढी एकच अट त्यांनी घातली. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं लेथ आहे, एक जुनं मिलिंग मशीन आहे आणि खिडकीपाशी व्हाइस बसवलेलं टेबल. कोलांट्यांचा लेख राहिला बाजूला. मी त्या टेबलापाशी जाऊन बसलो.

पाय मिटण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. विमान उडू लागलं की चाकांचा उपयोग संपतो आणि ती नुसती हवा अडवत राहतात, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. 1920 साली गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी अमेरिकेत बनवलेल्या डेटन-राइट आरबी-1 या विमानाचे पाय आत ओढले जात. पुढे 1930च्या दशकात लढाऊ विमानांचा वेग वाढत गेला तशी ही सोय सर्रास झाली. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला नमुना 5 मार्च 1936 रोजी उडाला तेव्हा त्याचे पाय मुद्दाम खालीच पक्के करून ठेवले होते. पहिल्या दिवशी एवढा धोका कोण पत्करणार? सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये वैमानिकाला हाताने पंप मारून पाय वर घ्यावे लागत. उजवा हात पंपावर, डावा विमान सांभाळायच्या दांडीवर. पंपाच्या झटक्यांबरोबर दांडीही हले आणि विमान उड्डाणानंतर वरखाली डुलत जाई. पुढे इंजिनवर चालणारा पंप आला. आपल्या हवाई दलाच्या आठव्या स्क्वाड्रनने दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर उडवली, काश्मीरच्या 1947च्या लढाईतही ती होती, आणि दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक उभं आहे. तिथे गेलात तर नाकाकडे नंतर बघा, आधी वाकून पंखाखाली बघा.

काकांनी टेबलाच्या खणातून एक खोडरबर आणि एक पेपरक्लिप काढली. क्लिप वाकवून एक टोक रबरात खुपसलं आणि मोकळं टोक फिरवलं.

“हे टोक म्हणजे पाय. आता सांगा, हा खाली असताना जरा पुढे झुकलेला हवा आणि वर गेल्यावर जरा मागे. सरळ बिजागर लावलंत तर होईल?”

होत नाही. टोक बाजूला उचललं जातं, पण पुढे झुकलेलं असेल तर वरही पुढेच राहतं. स्पिटफायरची अडचण नेमकी हीच. पाय खाली असताना चाक स्पारच्या पुढे लागतं, नाहीतर उतरताना विमान नाकावर जातं. वर गेल्यावर मात्र चाकाला जागा आहे ती स्पारच्या मागे, कारण स्पार म्हणजे पंखाची मुख्य तुळई आणि तिला भोक पाडून चालत नाही. म्हणजे बाजूला उचलला जाता जाता पाय मागेही सरकायला हवा.

काकांनी क्लिप काढली, रबरात जराशी तिरकी खुपसली आणि पुन्हा फिरवली. आता तेच टोक खाली पुढे होतं, वर मागे. दुसरं बिजागर नाही, दांडी नाही, काही नाही. फक्त ज्याभोवती पाय फिरतो तो कणा तिरका.

गणिती ऑयलरने हे अठराव्या शतकातच सिद्ध करून ठेवलं आहे. एक बिंदू जागेवर धरून एखादी वस्तू एका स्थितीतून दुसऱ्या कुठल्याही स्थितीत न्या, तो सगळा बदल एकाच कण्याभोवतीच्या एकाच फिरण्याने घडवता येतो. असा कणा असतोच. कारागिराने तो शोधायचा. आणि खोडरबराची युक्तीही मोठ्या घराण्यातली आहे. विमानवाहू जहाजावर पंख मागे दुमडून ठेवता यावेत म्हणून अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या लेरॉय ग्रमन यांनी बिजागराचा कोन शोधला तो खोडरबरात पेपरक्लिप खुपसूनच. वाइल्डकॅट या लढाऊ विमानाचे दुमडते पंख त्यातून आले.

आता चाकाचं बघू. पाय हवा तिथे गेला तरी चाक वर सपाट निजलं पाहिजे, कारण स्पिटफायरचा पंख पातळ आहे. खाली असताना मात्र तेच चाक नाकाच्या दिशेने सरळ धावलं पाहिजे. पायासाठी एक अट, चाकाच्या आसासाठी दुसरी. पहिल्या अटीत बसणारे कणे अनेक असतात, ते सगळे एका प्रतलात येतात. दुसऱ्या अटीचं प्रतल वेगळं. दोन्ही जिथे छेदतात तिथे एकच रेषा उरते, आणि ट्रनिअनचं, म्हणजे पाय ज्यात बसून फिरतो त्या ठोकळ्याचं, भोक त्या रेषेत पाडायचं. काका हे त्रिकोणमितीने काढतात, कागदावर, पेन्सिलीने. मग साइन बारवर, म्हणजे कोन अचूक लावायच्या पट्टीवर, जॉब तिरका बांधून मिलिंगवर भोक घेतात. अर्धा अंश चुकला तर 18 सेंटिमीटरच्या पायाच्या टोकाला दीड मिलिमीटरचा फरक पडतो. पातळ पंखात दीड मिलिमीटर म्हणजे चाक वरच्या आवरणाला घासणार.

कर्टिस पी-40 आणि कोर्सेअर या विमानांचे पाय सरळ मागे जातात आणि जाता जाता स्वतःभोवती जवळजवळ काटकोनात वळतात, म्हणजे चाक पंखात आडवं बसतं. तिथेही एका तिरक्या कण्याने काम झालं असतं, पण हिशेब मांडला की पाय वाटेत आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका बाजूला झोकांडतो. म्हणून त्यांनी पायाला पीळ देणारी वेगळी यंत्रणा लावली. काकांनी लहान बेव्हल गिअर कापून असा एक पाय केला आहे. तो हातात घेऊन मी किती वेळ उघडमीट करत होतो कोण जाणे. पण त्यांना स्वतःला स्पिटफायरचाच जास्त आवडतो. “त्यात भाग कमी आहेत,” एवढंच ते म्हणाले.

कोन सापडला म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं कुलपाचं.

हे पाय बहुधा दाबाच्या हवेवर चालतात. पंखात किंवा पोटात एक छोटी टाकी, तिला टायरसारखा व्हॉल्व्ह, भरायला सायकलचा पंप. दाब साधारण 7 बार. आठ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला एवढ्या दाबात मिळतं साडेतीन किलोचं बळ. आता उतरताना विमान वाऱ्याने तिरकं आलं आणि चाकावर बाजूने पाच किलोचा धक्का बसला असं धरा. पाय 18 सेंटिमीटर, कुलपाची पिन कण्यापासून 12 मिलिमीटरवर. पिनेवर येतो 75 किलोचा जोर. साडेतीन किलोची हवा तिथे काय टिकणार? म्हणून हवेने पाय फक्त हलवायचा. धरून ठेवायचं काम लोखंडाचं.

यंत्रणेच्या बाजूच्या दोन पट्ट्यांत एक खाच असते आणि त्या खाचेतून पिन सरकते. दोन्ही टोकांना खाच वळते. पिन त्या वळणात गेली की पायावरचा धक्का तिला खाचेच्या भिंतीवर दाबतो, मागे ढकलू शकत नाही. जितका धक्का जास्त, तितकी पिन भिंतीला घट्ट. तिथून तिला बाहेर काढते ती फक्त सिलिंडरची दांडी, आणि तिला साडेतीन किलो पुरतात.

ही पिन काका सिल्व्हर स्टीलची करतात. लेथवर मापाला आणली, पाणी दिलं, मग पुन्हा हलकं तापवून निळा रंग आला की थांबायचं. नुसतं पाणी दिलेली पिन काचेसारखी तुटते. पाणीच दिलं नाही तर ती वाकते, आणि वाकलेली पिन खाचेत अडकून बसते. त्यांनी रीमर मारलेल्या भोकावर तेलाचा एक थेंब सोडला, पिन उभी धरली आणि हात काढला. ती स्वतःच्या वजनाने, अगदी सावकाश, आत उतरत गेली. हवा आणि तेल कडेने निघायला जेवढी फट लागते तेवढीच होती. “याहून सैल नको, याहून घट्ट नको,” म्हणत त्यांनी ती दुसऱ्या बाजूने बोटावर झेलली. असं फिट हाताने आणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, हे माझ्या मनाला लागलं.

आता अडचणी. त्या इतक्या आहेत की खरं तर लेख त्यांच्यावरच व्हायला हवा होता.

पहिली अडचण गवताची. विमान एक पंचमांश केलं की चाकही एक पंचमांश होतं. माळावरचं गवत आणि खडे मात्र लहान होत नाहीत. मूळ विमानाने सहज ओलांडलेला उंचवटा या चाकाला उंबरठा होतो. त्यातून स्पिटफायरची दोन चाकं फार जवळ. मूळ विमानातच अंतर पावणेदोन मीटरच्या आतलं, मॉडेलमध्ये जेमतेम 35 सेंटिमीटर. जरा वारा आला की पंखाचं टोक जमिनीला टेकतं आणि सगळा भार एका पायावर.

तो भार पुढे लाकडात जातो. पंख बाल्साचा, त्यात प्लायच्या रिबा, रिबांत चिकटवलेल्या कठीण लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर पाय, पिन, सिलिंडर मिळून झालेलं हे युनिट चार स्क्रूंनी आवळलेलं. काका ते स्क्रू मुद्दाम बारीक ठेवतात. मोठा धक्का बसलाच तर लाकडातून स्क्रू सुटावेत, पिन वाकू नये, ट्रनिअन चिरू नये. काय मोडायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यामुळे त्यांच्या खोलीत पंख दुरुस्तीला येतात, पाय सहसा नाही.

हवा गळते. एखाद्या ओ-रिंगखाली धुळीचा कण गेला की टाकी हळूहळू रिकामी होते, आणि पाय वर असतानाच दाब संपला तर खाली आणायला काही उरत नाही. यावर एक जुना उपाय आहे: वर घ्यायला हवा, खाली यायला स्प्रिंग. हवा गेली की पाय आपोआप खाली. पण स्प्रिंगचा जोर सतत हवेच्या विरुद्ध असल्याने जड पायाला तो पुरा पडत नाही.

म्हणून हल्ली विजेवर चालणारे पाय आले आहेत. छोटी मोटर, तिच्या दांड्यावर बारीक आट्यांचा स्क्रू, त्यावर सरकणारा नट. स्क्रू स्वतःच कुलूप होतो, गळायला काही नाही. पण मोटर कधी थांबवायची हे करंटवरून ठरतं: पाय टोकाला टेकला, मोटर अडली, करंट वाढला, सर्किटने वीज तोडली. वाटेत गवताचा झुबका अडकला तरी करंट तसाच वाढतो, आणि सर्किटला वाटतं पाय पोहोचला. मग तो अर्ध्यातच उभा राहतो.

एक पाय खाली, एक वर, याहून वाईट स्थिती नाही. अशा वेळी जाणता माणूस खालचा पायही वर घेतो, इंजिन बंद करतो आणि विमान गवतावर पोटावर उतरवतो. प्रोपेलर जातो, रंग खरवडतो, विमान वाचतं. खालचा पायच वर येईना झाला तर मात्र एक पंख जातो, हे धरून चालायचं.

तयार युनिटं आता बाहेरून येतात, चांगली असतात, आणि घाईच्या माणसाने तीच घ्यावीत. पण ती बहुतेक सरळ बिजागराची, पाय 90 अंशांत उचलणारी. स्पिटफायरचा तिरकेपणा त्यांत सहसा नसतो, आणि मग माणसं चाक बसावं म्हणून पंखच जाड करतात. मला ते पटत नाही. मापात बनवायचं ठरवलं तर पायही मापात हवा.

आयटीआय आणि डिप्लोमाच्या शिक्षकांना म्हणून माझी एक विनंती आहे. मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट द्यावा लागतो. हा देऊन बघा. यात त्रिकोणमिती आहे, साइन बार आहे, रीमरचं फिट आहे, पोलादाला पाणी देणं आहे, हवेचा दाब आहे. लागतं ते एक लेथ, एक मिलिंग, वीतभर ॲल्युमिनियमची पट्टी आणि थोडं सिल्व्हर स्टील. जोडी पूर्ण झाली की पंखाचं आवरण लावण्याआधी सांगाडा उलटा, सुलटा, तिरका धरून पाय शंभर वेळा वरखाली करायला लावा आणि दर वेळी पिन वळणात बसली का, ते त्यांना डोळ्यांनी बघू द्या.