नान्नजचा हल्ला आणि सरहद्दीचं गणित

बीडमध्ये दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. पण भारतीय लष्कर निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरलं ते नेमकं कसं, हे समजून घ्यायचं तर सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज पाहावं लागतं. आज हे गाव माळढोक पक्ष्यासाठी ओळखलं जातं.

आधी नकाशा. नान्नज होतं निजामाचं, पण भोवती मुलूख मुंबई प्रांताचा, जणू एक बेट. म्हणजे सोलापूरहून बार्शीला निघालेला माणूस मध्येच ‘मोगलाई’त शिरायचा आणि पुन्हा बाहेर पडायचा. सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, पलीकडे खर्चायला निजामाचं वेगळं चलन, हाली सिक्का. बीडच्या आष्टी-पाटोद्याकडेही शेजारी अहमदनगर जिल्हा, म्हणजे हद्दीचा जाच तोच. निजामाविरुद्धच्या चळवळीतले सत्याग्रही आणि सशस्त्र स्वयंसेवक भारताच्या बाजूच्या कॅम्पांतून येत, नाक्यांवर हल्ले करत आणि परतत. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, गावांवर सूड उगवत.

भारत आणि हैदराबाद यांच्यातल्या २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर भारतीय फौजा संस्थानातून निघाल्या. सरहद्दीवरची गस्त मात्र चालूच होती. गस्तीची अडचण अशी की रस्ता ठरलेला, आणि तोच परक्या गावातून जाणारा. जुलै १९४८ मध्ये नान्नजपाशी भारतीय तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. भारत सरकारने रझाकारांकडे बोट दाखवलं आणि लष्कराने नान्नज ताब्यात घेतलं. खरी कलाटणी इथे. आत गेलेलं लष्कर या वेळी माघारी फिरलं नाही. करार कागदावर उरला.

पुढच्या हालचाली भरभर झाल्या. ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत दाद मागितली. १३ सप्टेंबरला ‘ऑपरेशन पोलो’ ही भारताची लष्करी कारवाई सुरू झाली; मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या फौजेचा मुख्य रोख सोलापूरहून नळदुर्गमार्गे होता. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथवरची हकिगत सभांत सांगितली जाते, पुढची सहसा नाही. खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर, रझाकारांशी कसलाही संबंध नसलेल्यांवरही, सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या बळींचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली. बीडचं नाव त्याखालच्या गटात आहे. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आलाच नाही. मुक्तीचा इतिहास सांगताना तो वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. सरहद्दीवरची बेटं मात्र त्याआधीच मिटली. १९५० च्या आरंभी एक आदेश निघाला आणि अशी अडकलेली गावं शेजारच्या प्रांतांना जोडली गेली. आज नान्नज उत्तर सोलापूर तालुक्यात आहे.