विषाणुजन्य तापातील डोकेदुखी : माकडतापाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
डोकेदुखी हा मानवी जीवनातील सर्वपरिचित अनुभव आहे. जागरण, उपवास, ऊन, चष्म्याचा बदललेला नंबर अशी तिची अनेक कारणे सांगता येतात. परिचयामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र तापाबरोबर येणारी डोकेदुखी ही पुष्कळदा विषाणूच्या प्रवेशाची पहिली वर्दी असते. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या २०१८ च्या वर्गीकरणात विषाणुसंसर्गामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. प्रस्तुत लेखात या लक्षणामागील शरीरक्रिया आणि सह्याद्रीच्या परिसरातील माकडताप या आजारातील तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

डोके का दुखते?
मेंदूच्या पेशीसमूहाला स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदनेची जाणीव मेंदूभोवतालची आवरणे व तेथील रक्तवाहिन्या यांना असते. ती प्रामुख्याने ट्रायजेमिनल तंत्रिकेद्वारे मेंदूपर्यंत पोहोचते. विषाणू शरीरात शिरला की प्रतिकारपेशी इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन यांसारखी संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांच्या प्रभावाने प्रोस्टाग्लँडिन तयार होते. ते हायपोथॅलॅमसमधील तापमान-नियंत्रण वरच्या पातळीवर नेते, म्हणून ताप येतो. तसेच वेदनावाहक तंत्रिकाग्रे अधिक संवेदनशील करते, म्हणून डोके ठणकते. काही कर्करोगांच्या उपचारात इंटरफेरॉन टोचल्यावर विषाणू नसतानाही फ्लूसारखा ताप व डोकेदुखी उद्भवते. यावरून असे दिसते की, बहुतांश विषाणुजन्य तापांतील डोकेदुखी ही विषाणूने मेंदूवर केलेला हल्ला नसून शरीराच्या प्रतिकाराचा परिणाम असते. परंतु काही विषाणू मेंदू व त्याची आवरणे यांपर्यंत पोहोचतात. तेव्हा त्याच लक्षणाचा अर्थ बदलतो.

माकडताप : एक उदाहरण
हा अर्थबदल माकडतापात स्पष्ट दिसतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागील नवा विषाणू शोधून काढला. हा डेंग्यूच्या विषाणूच्याच कुळातील असून तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. माणसाकडून माणसाला त्याची लागण होत नाही. पुढे गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा या आजाराचा मुख्य काळ. काजूच्या बागांतील कामे, सरपण व पाचोळा गोळा करणे याच दिवसांत चालते, हा योगायोग कष्टकऱ्यांना महागात पडतो.

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडीताप व कपाळाची तीव्र डोकेदुखी सुरू होते. अंगदुखी, उलट्या, डोळे लाल होणे, क्वचित रक्तस्राव ही पुढील लक्षणे. अनेकांचा ताप एक-दोन आठवड्यांत उतरतो. परंतु सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत काही दिवस बरे वाटल्यानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप परत येतो. या दुसऱ्या टप्प्यात तीव्र डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, कंप, दृष्टिदोष व मानसिक गोंधळ आढळतो. पहिली डोकेदुखी प्रतिकाराची खूण होती; ही दुसरी चेतासंस्था बाधित झाल्याची खूण आहे. बरे वाटले म्हणून बागेत परतलेल्या माणसाने ही दुसरी खूण ओळखणे आवश्यक आहे. या आजाराचा मृत्युदर ३ ते ५ टक्के सांगितला जातो.

उपचार व दक्षता :
माकडतापावर विषाणूनाशक औषध सिद्ध झालेले नाही. द्रवपदार्थ, विश्रांती व रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हाच उपचार होय. डोके दुखते म्हणून दुकानातून ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन आणून घेणे येथे व डेंग्यूतही धोक्याचे ठरते, कारण त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. वैद्यकीय सल्ल्याने पॅरासिटामॉल घेणे त्या मानाने सुरक्षित असते. मात्र त्याने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे. मान ताठरणे, वारंवार उलट्या, झटके, बोलण्यात असंबद्धता किंवा अंगावर रक्ताचे ठिपके दिसल्यास रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे. जंगलात वा बागेत गेल्याची, तसेच परिसरात माकड मेल्याची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तपासणीची दिशा त्यावरच ठरते.

समारोप :
सारांश, तापाबरोबर येणारी डोकेदुखी हा स्वतंत्र रोग नसून ती शरीराची भाषा आहे. ती केव्हा सुरू झाली, कशाबरोबर आली व उतरल्यावर परत आली का, या तीन प्रश्नांतून तिचा अर्थ उलगडतो. सह्याद्रीच्या पट्ट्यातील महाविद्यालयांत बागायतदार व मजूर कुटुंबांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. जानेवारी ते मे या काळात वर्गात डोके धरून बसलेल्या अशा विद्यार्थ्यास गोळी देऊन घरी पाठवण्यापूर्वी प्राध्यापकांनी हे तीन प्रश्न विचारले, तर निदान वेळेवर होण्यास निश्चित साहाय्य होईल.