निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ

मोबाइलच्या नकाशावरील निळा ठिपका आपले ठिकाण दाखवतो. ते कसे कळते? जी. पी. एस. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते! मोबाइलचे घड्याळ इतके अचूक नसते. म्हणून स्थानाच्या तीन आणि घड्याळाच्या चुकीची एक, अशा चार अज्ञात राशींसाठी किमान चार उपग्रह लागतात.

ॲप तयार करणाऱ्याला हे गणित करावे लागत नाही. आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलींचा संच, म्हणजे लायब्ररी, तो ॲपला जोडतो. अँड्रॉइडवरील अशी लायब्ररी उपग्रह, वाय-फाय व मोबाइल टॉवर यांच्या माहितीची सांगड घालते. मात्र ठिकाण किती अचूक आणि किती वेळाने हवे, हे त्याने ठरवायचे असते. दोन्हींचा हव्यास धरला, तर बॅटरी लवकर संपते. शिवाय वापरणाऱ्याची परवानगी हवीच. २०२१ मधील अँड्रॉइड १२ पासून तो केवळ ढोबळ ठिकाणही देऊ शकतो. हवामान सांगायला तेवढे पुरते. रुग्णवाहिका बोलवायला नाही.

लायब्ररी अक्षांश-रेखांशांबरोबर एक त्रिज्याही देते. त्या वर्तुळात आपण असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. म्हणजे तीनांतून एकदा आपण वर्तुळाबाहेर! प्रयोगवहीत मापापुढे त्रुटी लिहितो, तशीच ही त्रिज्या. ती न पाहता केवळ ठिपक्यावर विसंबलेली रुग्णवाहिका शेजारच्या गल्लीत जाऊन थांबू शकते.