उपग्रहाची वाणी आणि अंगणांतील रेडिओ

मोताळ्यांतील एखाद्या छपरावर दूरदर्शनची तबकडी दिसली, कीं तींत केवळ चित्रेंच येतात असें समजूं नये. आकाशवाणीचीं कांहीं केंद्रेंही सुमारें 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहावरून तींतच उतरतात. परंतु तो आवाज दूरदर्शन-संचापाशींच अडून राहतो. पेटींतून निघणारा ध्वनि तारेनें लहानशा एफ. एम. प्रक्षेपकास दिला, कीं तो 88 ते 108 मेगाहर्ट्‌झमधील मोकळ्या जागीं लहरींवर आरूढ होतो. मग अंगणांतील साधा रेडिओही तो ऐकवितो.

हें सुलभ यंत्र मोहांतही पाडतें. बिहारमधील मन्सूरपूर येथें रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानें घरगुती प्रक्षेपकानें आसपासच्या गांवांस गाणीं ऐकविलीं. परवाना नसल्यामुळें 2006 सालीं तें केंद्र बंद करण्यांत आलें. बुद्धि खरी, पण लहरी ही सामाईक विहीर आहे. एकानें मनास येईल तसा पोहरा सोडला, तर इतरांचें पाणी गढूळ होतें. शिवाय 108 च्या लगेच वर विमानांच्या लहरी असतात. उलट, सातारा जिल्ह्यांतील म्हसवडचें ‘माणदेशी तरंग’ रीतसर परवाना घेऊन उभें राहिलें.

विद्यार्थ्यांनो, यंत्र जोडण्याची हौस अवश्य धरा. मात्र आधीं नियम वाचा.