आधी प्लग, मग प्रश्न

मे महिन्याची सुट्टी. बाहेर ऊन मी म्हणतंय, म्हणून मॅच हॉलमध्ये हलवलेली. बॉल प्लास्टिकचा आहे, त्यामुळे काही होणार नाही याची अख्ख्या टीमला खात्री. आणि मग बॉल नाही, बॅटच हातातून सुटते. ‘टक्क’ असा आवाज, आणि घरात एकदम शांतता. किचनमधून प्रश्न येतो, “काय झालं रे?” उत्तर कुणीच देत नाही. टीव्हीच्या स्क्रीनवर कोळ्याचं जाळं उमटलेलं असतं आणि त्यासमोर पुतळा होऊन उभा असतो तुमचा सात वर्षांचा भाचा.

अठरा ते पंचविशीतल्या मंडळींची अशा वेळी भारी गोची होते. पोरांच्या गँगमध्ये लपायचं वय गेलेलं असतं आणि “तरी मी सांगत होते” म्हणायचा मोठ्यांचा अधिकार अजून मिळालेला नसतो. टीव्ही तुमच्या पैशांचा नाही, मूलही तुमचं नाही. पण म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत डोकं ठिकाणावर राहायची शक्यता तुमचीच जास्त. ती पाच मिनिटं आणि त्यानंतरचे काही दिवस कसे निभवायचे, ते बघूया.

पहिली पाच मिनिटं

कुणाला लागलंय का, हे आधी बघा. पोरं बहुतेक वेळा अनवाणी असतात आणि घाबरली की धावतात. म्हणून “आहेस तिथेच थांब” एवढंच सांगा. तुम्ही चप्पल घाला, त्याला उचलून बाजूला न्या, मग भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. आसपास पाणी सांडलेलं असेल, तर बटणाला हात न लावता थेट मेन स्विच पाडा.

“चालतोय का बघू” हा मोह टाळा. फुटलेली स्क्रीन बोटाने दाबून बघू नका. तिच्या काचेच्या थरांमध्ये लिक्विड क्रिस्टल असतं. ते हाताला लागलंच, तर साबणाने हात धुवा. पाणी गेलेला मिक्सर किंवा लॅपटॉप चालू करून बघणं म्हणजे वाचू शकणारी वस्तू स्वतःच्या हाताने घालवणं.

दोन गोष्टी मात्र पाठच करून ठेवा. एक, मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट साठलेला असू शकतो. गावच्या घरी अजून जुना, पाठीवर कुबड असलेला टीव्ही असेल, तर त्यालाही हाच नियम. दोन, फ्रीझरमधला बर्फ मुलांनी सुरीने खरवडला आणि ‘सुस्स’ आवाज आला, तर आतली नळी फुटून गॅस सुटलाय असं समजा. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेऊ शकतो. प्रमाण थोडं असतं, पण शेगडी, उदबत्ती काहीही पेटवू नका, खिडक्या उघडा, फ्रिजजवळची बटणं चालू-बंद करू नका आणि मेकॅनिकला बोलवा.

पंधरा कप, एक कप

आता येतो खरा सीन. ‘कुणी केलं?’ची चौकशी.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगायचा. पहिली अशी, की एका मुलाला जेवायला बोलावतात, तो दार उघडतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे आहे हे त्याला माहीतच नसतं. पंधरा कप फुटतात. दुसरी गोष्ट अशी, की आई घरी नसताना एक मुलगा कपाटातला जॅम पळवायला खुर्चीवर चढतो आणि त्याच्या धक्क्याने एक कप फुटतो. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं म्हणायची, पंधरा कपवाला. मोठी होत जातील तशी ती ‘त्याने मुद्दाम केलं का?’ याचा विचार करू लागायची. पियाजेने हे १९३२मध्ये पुस्तकात मांडलं.

आता आपल्या घरात बघा. पाण्याचा ग्लास फुटला, तर “असू दे, पाय जपून टाक.” त्याच मुलाच्या हातून, त्याच निष्काळजीपणाने टीव्ही फुटला, तर पाठीत धपाटा. चूक तेवढीच, बदलली फक्त किंमत. म्हणजे टीव्ही फुटला की घरातली चाळिशीची माणसंसुद्धा कपच मोजायला लागतात!

राग येऊच नये असं नाही. हप्ते अजून चालू असतील तर येणारच. पण चुकून बॅट सुटणं आणि चिडून रिमोट फेकून मारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बोलायचं ते खेळायच्या जागेबद्दल, दुसऱ्यात रागाबद्दल. हा फरक करायचा तर ‘कुणी केलं?’ऐवजी ‘कसं झालं?’ असं विचारावं लागतं. आणि आवाज खाली असेल तरच त्याचं खरं उत्तर मिळतं.

भीती खोटं शिकवते

इथे अजून एक गोष्ट पणाला लागलेली असते. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांचा पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या मुलांवरचा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत मार मिळायचा, दुसरीत नाही. मुलांना सांगितलं, की मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही. डोकावली दोन्हीकडची मुलं. पण मार मिळणाऱ्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि ते खोटं त्यांनी जास्त सफाईने निभावलं. माराने डोकावणं थांबलं नाही, फक्त लपवणं सुधारलं.

घरातल्या विजेच्या वस्तूंच्या बाबतीत हे लपवणं महागात पडतं. फुटलेला टीव्ही निदान दिसतो तरी. पण इस्त्रीची वायर सोलली गेलीय, मिक्सरच्या बुडाखाली पाणी गेलंय, चार्जरच्या प्लगचा तुकडा उडालाय, हे मुलाने सांगितल्याशिवाय कळणार कसं? धपाटा खाल्लेलं पोर पुढच्या वेळी ती इस्त्री गुपचूप कपाटात ठेवून देतं. आणि सकाळी ऑफिसच्या घाईत ती लावतं कुणी दुसरंच.

म्हणून घरच्यांची समजूत काढायची असेल, तर “लहान आहे तो, सोडा ना” असं म्हणू नका, त्याने कुणाचंच समाधान होत नाही. म्हणा, “आज त्याने खरं सांगितलंय, ते आपल्याला परत लागणार आहे.”

मग शिक्षा नकोच का?

केलेलं निस्तरायला शिकवायचं. सात वर्षांच्या मुलाला वीस हजार रुपये म्हणजे किती हे कळत नाही, त्यामुळे “तुझ्या बर्थडेचे पैसे कट” हा डायलॉग वाया जातो. त्यापेक्षा त्याला दुकानात सोबत न्या. पॅनलची किंमत त्याच्यासमोर विचारा. नवीन टीव्ही येईपर्यंत कार्टून नाही, ही शिक्षा तशीही सगळ्या घराला झालेलीच असते. घरातले खेळायचे नियम त्यालाच लिहायला सांगा आणि दारामागे चिकटवा. काचा मात्र त्याला उचलायला लावू नका.

एक प्रश्न मोठ्यांनाही विचारा. हॉलमध्ये खेळू नका हे ठीक, पण खेळायचं कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी, मैदान लांब, आणि टीव्ही बुटक्या टेबलावर बरोबर स्टंपच्या उंचीला. नवा टीव्ही भिंतीवर वर टांगलात, तर निम्मं टेन्शन तिथेच जाईल.

दुरुस्तीचा हिशोब

फुटलेलं पॅनल दुरुस्त होत नाही, बदलावं लागतं. टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा पॅनलचाच असतो. त्यामुळे खर्च बरेचदा नव्या टीव्हीच्या आसपास जातो. आधी लेखी एस्टिमेट घ्या, मग ठरवा. कंपनीच्या वॉरंटीत अशी मोडतोड सहसा धरत नाहीत. पैसे भरून वाढवलेल्या वॉरंटीतही अपघाती नुकसान वेगळं लिहिलेलं असेल तरच मिळतं. घरातल्या सामानाचा विमा असेल, तर तेही कागद काढून बघा.

आणि इथे एक फार ओळखीचा प्रसंग घडतो. टेक्निशियन येतो, आणि कालच मुलाला ‘खरं बोलावं’ म्हणून सुनावणारं घर त्याला सांगतं, “काही नाही हो, आपोआप तडा गेला.” धक्का लागलेला भाग त्याला लगेच ओळखू येतो. वॉरंटी तर मिळत नाहीच, वर सोफ्यामागे उभं असलेलं ते पोर सगळं ऐकत असतं. वाक्य घरातल्या कुणाच्या तोंडून निघायच्या आत तुम्हीच सांगून टाका, “बॅट लागली.”

सगळ्याच गोष्टी इतक्या महाग नसतात. मिक्सर मध्येच बंद पडला, तर बुडाखालचं ओव्हरलोडचं लाल बटण बघा. प्लग काढा, थोडा वेळ थांबा, ते दाबा, बरेचदा काम तेवढंच असतं. मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवल्यावर ठिणग्या उडाल्या, तर कधी कधी आतली मायका शीट तेवढी जळते. मेकॅनिक ती थोडक्यात बदलून देतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीन पाणी सोडत नसेल, तर खालच्या फिल्टरमध्ये एखादं नाणं किंवा लेगोचा तुकडा सापडू शकतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळचा आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार सुट्या भागांसाठी कामाला येतो. काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची आणि सुट्या भागांची माहिती केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवरही मिळते. ते २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी सुरू झालं. दुरुस्तीत फसवणूक झाली, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

टीव्ही निकालात काढायचाच ठरला, तर लगेच भंगारात देऊ नका. पॅनल गेलं तरी आतले बोर्ड चालू असतात, ते एखादा दुरुस्तीवाला घेऊ शकतो. बाकीचा कचरा अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे जाऊ द्या. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत.

शेजारच्यांचं पोर असेल तर

सगळ्यात नाजूक केस हीच. शेजारच्या काकू म्हणतात, “आम्ही भरून देतो.” आपली आई म्हणते, “छे छे, मुलंच ती!” दार बंद झालं, की पुढचे सहा महिने घरात तोच विषय, आणि जिन्यात भेटल्यावर दोन्हीकडून कसनुसं हसू. याला उपाय एकच, खरा आकडा. एस्टिमेट हातात आलं, की दोन्ही घरच्या मोठ्यांना चहाला बसवा. अर्धे घ्यायचे, पूर्ण घ्यायचे की काहीच नाही, ते त्यांनी समोरासमोर ठरवावं. मुलांना त्या हिशोबापासून दूर ठेवा. त्यांची दोस्ती टीव्हीपेक्षा जास्त टिकायला हवी.

हे सगळं झालं फुटल्यानंतरचं. न फुटता करायचं काम एकच आहे आणि ते आज संध्याकाळीही जमेल. घरातल्या, नात्यातल्या, मजल्यावरच्या छोट्या मंडळींना गोळा करा आणि सांगून ठेवा, “काहीही फुटलं, तुटलं, जळल्याचा वास आला, तर हात लावायचा नाही, आधी मला येऊन सांगायचं. ओरडा बसेल की नाही, ते मी बघतो.” किंवा “बघते.” पण शब्द दिलात, तर तो पाळा. टीव्ही काय, दसऱ्याच्या सेलमध्ये दुसरा मिळेल.